खट्, कुरकुर, घरघर: ऑफ-रोड गाडीचा आवाज पकडायचा कसा

राजमाचीचा दगडी रस्ता करून लोणावळ्यात उतरलो. डांबरी लागल्यावर पहिल्याच गतिरोधकाला ब्रेक दाबला आणि पुढून ‘खट्’ असा आवाज आला. एकदाच. पुन्हा ब्रेक दाबला, काही नाही. रिव्हर्स घेऊन थांबलो, तर परत खट्. पुढचे दोन महिने मी त्या एका आवाजामागे फिरत होतो. एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, दुसऱ्याने शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) रबरी बुश बदलले, तिसरा म्हणाला, “साहेब, जुनी गाडी आहे, आवाज येणारच.” आवाज होता तिथेच. शेवटी तो पकडला खडूच्या एका रेघेने. कसा, ते पाट्यांच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, भागात सांगतो.

या गाड्यांची चासी शिडीसारखी असते. दोन लांब पोलादी तुळया, मध्ये आडवे दांडे आणि वर रबरी गाद्यांवर बसवलेली बॉडी. पोलादातून आवाज विनासायास पळतो. डाव्या पुढच्या शॅकलची खटखट ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येते आणि मागच्या शाफ्टची ठणठण गिअर लिव्हरमधून. म्हणून कानावर विसंबून पार्ट बदलत सुटलात तर पैसे जातील आणि आवाज राहील. कानाने फक्त संशयितांची यादी करायची. निकाल हाताने आणि डोळ्यांनी द्यायचा: जिथे हालचाल नको तिथे ती सापडली, तरच पाना उचलायचा.

आपल्या गाडीखाली काय आहे?

कामाला लागण्यापूर्वी हे माहीत हवं, कारण नसलेला पार्ट शोधण्यात लोकांचे रविवार गेलेले मी पाहिलेत. १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीला पुढे-मागे सलग अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा कणा) आणि चारही चाकांना पाटे आहेत. जुन्या एमएम ५४० जीपलाही तसंच. २०१० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं) आणि टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे पाटे. २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अॅक्सल पण कॉइलवर. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीला दोन्हीकडे सलग अॅक्सल आणि कॉइल. जिप्सीच्या पुढच्या नकलमध्ये (चाकाबरोबर वळणाऱ्या भागात) वरखाली बॉल जॉइंट, म्हणजे गोळा-वाटीचे सांधे, नसतात, किंग पिन, म्हणजे नकल ज्यांवर वळतो त्या खुंट्या, असतात. उलट, विशबोनच्या गाडीत किंग पिन शोधू नका, तिथे बॉल जॉइंट आहेत. पाट्यांच्या गाडीला अॅक्सल जागेवर धरायला वेगळे दांडे लागत नाहीत, पाटाच ते काम करतो. कॉइलवर सलग अॅक्सल असेल तर मात्र मागे-पुढे धरणारे आर्म आणि बहुतेक वेळा आडवा लॅटरल रॉड असतो, आणि त्या प्रत्येकाच्या टोकाला बुश असतो.

आवाजाला नाव द्या

“गाडी आवाज करतेय” एवढं सांगून मेकॅनिकला काही कळत नाही. मराठीत आवाजांसाठी इतके शब्द आहेत, ते वापरा.

खट्: एकदाच येतो, दिशा बदलली की येतो. ब्रेक दाबताना, सोडताना, पहिल्यातून रिव्हर्समध्ये जाताना, स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे नेताना. म्हणजे कुठेतरी मोकळीक आहे आणि भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना पार्ट तेवढा सरकून आपटतो. सगळ्यांत गंभीर बिघाड या आवाजात लपलेले असतात.

खडखड: बारीक खड्ड्यांवर सतत, हळू वेगात जास्त. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळईच्या) लिंका, शॉकअपच्या डोळ्यातले (टोकाच्या कडीतले) बुश, ब्रेक पॅड, टूलबॉक्स. बहुतेक वेळा जीवघेणं नसतं, पण डोकं उठवतं.

कुरकुर किंवा करकर: रबर कोरडं पडलंय किंवा दोन पाटे एकमेकांवर घासताहेत. गाडी पीळ खाते तेव्हा, म्हणजे एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असताना येत असेल, तर बॉडी आणि चासीमधल्या गाद्याही बघा. हा आवाज जूनमध्ये आपोआप बंद होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत येतो. पावसाने दुरुस्त झाला असं समजू नका.

घरघर किंवा गुणगुण: वेगाबरोबर वाढते. हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) बेअरिंग किंवा टायर.

चिर्र-चिर्र: चिमणीसारखा, एका तालात, गाडी हळू असताना. प्रॉपेलर शाफ्टचा (अॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोरडा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा.

टक-टक-टक: पूर्ण वळणावर, फोर-बाय-फोर लावून अॅक्सिलरेटर दिला की. पुढच्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा).

धप्प: मोठ्या खड्ड्यात अॅक्सल वर जाऊन चासीला भिडला. बंप स्टॉपचं रबर जागेवर आहे की गळून पडलंय, एवढं पाहा.

वहीत लिहा, मग गाडीखाली जा

एक दिवस गाडी चालवताना फक्त नोंदी करा, शक्यतो शेजारी बसलेल्या माणसाकडून. किती वेगात आला? सरळ की वळणावर? ब्रेक, क्लच, गिअर कशाशी जुळतो? टू-व्हील की फोर-व्हील? सकाळी थंड असताना की तासाभराने? मग या चार चाचण्या घ्या. पैसे लागत नाहीत आणि अर्धे संशयित इथेच सुटतात.

पहिली, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवून पाहा. चाक गोल फिरत नसताना आवाज आला तर हब बेअरिंग, टायर आणि शाफ्टचे क्रॉस बाजूला झाले. उरले स्टेअरिंगचे सांधे, किंग पिन किंवा बॉल जॉइंट, लॅटरल रॉड आणि पाट्यांचे बुश.

दुसरी, एकच गतिरोधक दोन प्रकारे ओलांडा. आधी सरळ, दोन्ही चाकं एकदम. मग तिरका, आधी एक चाक मग दुसरं. स्टॅबिलायझर बार दोन चाकांच्या उंचीतल्या फरकाने पिळला जातो. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की तो फारसा पिळत नाही. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना खडखड असेल तर आधी त्याच्या लिंका बघा. खात्री करायची असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंका सोडून, बार बांधून ठेवून, मोकळ्या मैदानात दहा-पंधराच्या वेगाने एक फेरी मारा. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, वळणावर जास्त कलते.

तिसरी, खडखड चालू असताना ब्रेकवर नुसता पाय टेकवा, वेग कमी होणार नाही इतपत. आवाज थांबला तर तुमचे ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये सैल नाचताहेत. सस्पेन्शनला हात लावू नका.

चौथी, मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी वेगात आणून न्यूट्रल करा आणि इंजिनचे फेरे वर-खाली होऊ द्या. आवाज इंजिनबरोबर बदलला तर चाकांकडे त्याचा संबंध नाही. ही चाचणी घाटाच्या उतारावर करायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आधी फुकटातले चोर

गाडी धुवा. खालून, दाबाच्या पाण्याने. कोकणातली लाल माती रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली की चाकाचा तोल जातो आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंट करायला जातात आणि बिघाड पाण्याने निघण्यासारखा असतो. डिस्कच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला की असा किंचाळतो की वाटतं बेअरिंगच गेलं. स्क्रू ड्रायव्हरने पत्रा किंचित वाकवा, खडा पडतो.

मग जॅक, टॉमी (लोखंडी पहार), स्टेपनी, मागच्या दाराचे बिजागर, नंबर प्लेट, सायलेन्सरचा पत्रा, खालची स्किड प्लेट: एकेक हाताने हलवून पाहा, मुठीने ठोका. गाडीतलं सगळं सामान एकदा घरी ठेवून फेरी मारा. माझ्या एका मित्राची ‘सस्पेन्शनची खडखड’ सीटखालच्या स्टीलच्या डब्यात होती.

शेवटी चाकांचे नट. हे खरं तर सगळ्यांत आधी. दगडी रस्ता करून आल्यावर किंवा चाक बदलल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचेच. सैल नटांचा टक-टक आवाज हळू वेगात येतो आणि वेग वाढला की विरून जातो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. हवाही तपासा, ट्रेलसाठी उतरवलेली हवा परत भरायची राहून जाते आणि मग वळताना टायर रस्त्यावर खरवडतो.

गाडीखाली जाण्यापूर्वी

सपाट, टणक जमीन. उचललेल्या चाकाच्या विरुद्ध टोकाच्या दोन्ही चाकांना पुढे-मागे लाकडी अडण्या. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे, पेलण्यासाठी स्टँड लागतात. विटा आणि हॉलो ब्लॉक चुरा होतात. एक चाक हवेत असताना हँडब्रेकवर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण काही जीपमध्ये तो प्रॉपेलर शाफ्टवर लागतो आणि मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे गाडी सरकू शकते. साहित्य फार नाही: टॉर्च, खडू, मोजपट्टी, लांब टॉमी, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि सांगितलं तेवढंच करणारा एक सहकारी. हा शेवटचा सगळ्यांत दुर्मीळ.

स्टेअरिंगची तपासणी: इथे घाई नको

चारही चाकं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, अडण्या लावलेल्या. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, नसेल तर बंद. सहकाऱ्याने स्टेअरिंग मध्यापासून डावीकडे-उजवीकडे थोडंसं, साधारण हातभर फिरवत राहायचं, सावकाश आणि एका लयीत. पूर्ण लॉकपर्यंत नको. तुम्ही चाकाच्या बाजूने हात आत घाला. पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब.

आता स्टेअरिंगपासून चाकाकडे प्रवास करा. प्रत्येक सांध्यावर एकच प्रश्न: अलीकडचा भाग हलला त्याच क्षणी पलीकडचा हलला का? कॉलमच्या खालचा क्रॉस. स्टेअरिंग बॉक्समध्ये जाणारा दांडा आणि बाहेर येणारा पिटमन आर्म. पिटमन आर्मचा नट. ड्रॅग लिंकचं (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) अलीकडचं टोक, पलीकडचं टोक. नकलचा आर्म. टाय रॉडची (दोन्ही चाकांना एकत्र वळवणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. पंजा असा ठेवा की बोटं सांध्याच्या दोन्ही भागांवर पडतील. झिजलेल्या बॉल जॉइंटमधला ‘टक’ कानाला ऐकू येण्याआधी बोटांना कळतो. जिथे हालचाल हरवते, तिथे बिघाड.

दोन गोष्टी नेहमी सुटतात. एक, स्टेअरिंग बॉक्स स्वतःच चासीवर हलतो का? एक बोट बॉक्सच्या आणि चासीच्या फटीवर ठेवा. बोल्ट सैल असतील किंवा त्या जागी चासीला तडा गेला असेल तर पूर्ण बॉक्स काही मिलिमीटर डुलतो. मोठे टायर लावून दगडांत स्टेअरिंग मारलेल्या गाडीत हे हमखास बघा. तडा रंगाखाली केसासारखा दिसतो आणि त्याच्या कडेला गंज पाझरलेला असतो. दोन, बोल्टच्या भोवती लालसर बारीक भुकटी. धातू धातूवर सतत हलत असला की ती पडते. धुतलेल्या गाडीत दोन-चार दिवसांनी ती ज्या बोल्टपाशी परत दिसेल, तो बोल्ट हलतोय.

स्टेअरिंग सैल वाटलं की बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू पिळायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. तो सगळ्यांत शेवटी, बाहेरचे सगळे सांधे घट्ट असल्याची खात्री झाल्यावर, आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्या पद्धतीनेच. जास्त पिळलात तर वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, आणि घाटात हे सैल स्टेअरिंगपेक्षा वाईट.

पूर्ण लॉकला पोचल्यावर पॉवर स्टेअरिंगचा पंप हुंदका दिल्यासारखा घोंघावतो, ते नैसर्गिक आहे. तिथे काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. मध्यावरही घोंघावत असेल तर तेलाची पातळी आणि फेस बघा.

चाक उचलून

सलग अॅक्सल असेल तर जॅक अॅक्सलखाली. विशबोन असेल तर ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार येतो त्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ. चासीखाली जॅक लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून ठेवते आणि झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट असल्यासारखा वाटतो. गॅरेजमध्ये “बॉल जॉइंट ओके” म्हणून परत पाठवलेल्या गाड्यांची गोम बऱ्याचदा इथे असते.

चाक घड्याळ समजा. १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर सहकाऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात, म्हणून खेळ गेला तर तो हब बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरा. इथेच खेळ आणि १२-६ वर काही नाही, असं असेल तर टाय रॉडचं टोक.

बेअरिंगचा खेळ सापडला की लगेच नवीन आणू नका. जुन्या सलग अॅक्सलच्या गाड्यांत दोन टेपर बेअरिंग आणि लॉक नट असतात. ते उघडून, ग्रीस बदलून, नव्याने सेट करता येतात. पाणी शिरलं असेल तर ग्रीस चहाच्या सायीसारखं दिसतं, मग बेअरिंगच्या रोलरवर डाग आहेत का ते बघून ठरवा. नव्या गाड्यांत हब सलग येतो, तो बदलावाच लागतो.

किंग पिनच्या गाडीत नकलच्या गोळ्याभोवती ग्रीस आणि तेल वाहत असेल, तर सील गेलंय आणि आत चिखल पोचलाय असं समजा. सैल झालेले किंग पिन शिमने (पातळ चकत्यांनी) बसवता येतात, पण त्यांचा घट्टपणा स्प्रिंग काट्याने मोजून ठरवायचा असतो. “हाताला बरं वाटतंय” हे माप नव्हे.

पाटे, आणि माझी खडूची रेघ

पाट्यांच्या गाडीत पाटा स्प्रिंगही असतो आणि अॅक्सल जागेवर धरणारा हातही. पाट्यांची चळत मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेली असते. त्याचं डोकं अॅक्सलच्या गादीतल्या भोकात बसतं आणि यू-बोल्ट सगळं आवळून धरतात. खरी पकड यू-बोल्टची. ते सैल झाले की भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि काही दिवसांत तो कातरला जातो.

माझं तेच झालं होतं. खडूने मी पाट्यापासून अॅक्सलच्या गादीपर्यंत एक उभी सरळ रेघ मारली, दोन्ही बाजूंना. भावाला सांगितलं, गाडी दहा फूट पुढे घे, जोरात ब्रेक, मग मागे, जोरात ब्रेक. वाकून पाहिलं तर डाव्या बाजूची रेघ तुटली होती, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा तीन-चार मिलिमीटर सरकलेले. ब्रेक दाबला की अॅक्सल मागे सरकायचा, खट्. रिव्हर्समध्ये पुढे, खट्. चूक माझीच: त्या वर्षी नवीन पाटे टाकले होते आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, ते आवळलेच नव्हते. नव्या पाट्यांवरचा रंग आणि बारीक खरखर दाबाने बसते, चळतीची जाडी कमी होते, बोल्ट आपोआप सैल पडतात. दोन शॉकअप आणि चार बुश यांचे पैसे एका खडूपायी वाचले असते.

अॅक्सल सरकलाय का हे मोजपट्टीनेही कळतं. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत डावीकडे आणि उजवीकडे मोजा. सेंटीमीटरभर फरक दिसला तर गाडी तिथेच उभी करा.

यू-बोल्ट बदलायचे असतील तर नटांसकट नवेच घ्या. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, समोरासमोरचे नट थोडे-थोडे करत, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा.

शॅकल आणि पाट्याच्या डोळ्यातले बुश तपासायला टॉमी डोळा आणि हँगर यांच्यात घालून हलका जोर द्या. रबर दबून परत येणं ठीक. धातूला धातू भिडला तर बुश संपला. कुरकुर नेमकी कोणत्या बुशची हे कळत नसेल तर साबणाचं पाणी एका वेळी एकाच बुशवर मारा आणि सहकाऱ्याला बंपरवर उभं राहून गाडी हलवायला सांगा. ज्यावर पाणी मारल्यावर आवाज थांबला, तो. डिझेल किंवा जळकं ऑइल फवारण्याची प्रथा सोडा: रबर फुगतं, आणि तेलाला चिकटलेली धूळ पाटे घासणारी पॉलिश पेस्ट बनते. नुसत्या कोरड्या पाट्यांची कुरकुर असेल, तर माझं मत, तिच्याबरोबर राहायला शिका. मुख्य पाटा तुटलेला नाही ना आणि पाटे एका रेषेत आहेत ना, एवढं पाहा.

कॉइल आणि लॅटरल रॉड

कॉइलवर सलग अॅक्सल असलेल्या गाडीत उभ्या-उभ्या स्टेअरिंग फिरवा आणि बाहेरून बघा. लॅटरल रॉडचा बुश गेला असेल तर चाकं वळण्याआधी बॉडीच बाजूला सरकते आणि खट् वाजतं. आर्मचे बुश ब्रेक आणि अॅक्सिलरेटरच्या वेळी बोलतात. टॉमीने पाट्यांसारखेच तपासा.

याच गाड्यांत एक भयानक प्रकार होतो. साठ-सत्तरच्या वेगाला एखादा खड्डा लागतो आणि पुढची चाकं थरथरायला लागतात, इतकी की स्टेअरिंग हातात राहत नाही. तेव्हा जोरात ब्रेक न मारता अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट पण न झगडता धरा आणि वेग उतरू द्या. नंतर लोक स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचा छोटा शॉकअप) बदलतात आणि महिनाभर शांतता मिळते. डॅम्पर थरथर झाकतो, तिचं कारण कुठेतरी मागे असतं: टायरचा तोल, लॅटरल रॉडचे बुश, टाय रॉडची टोकं, किंग पिनचा घट्टपणा, हब बेअरिंग, किंवा गाडी उंच करताना बिघडलेला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल). या क्रमाने जा.

खालून फिरणारे भाग

गाडी उभी, अडण्या लावलेल्या, गिअर न्यूट्रल. प्रॉपेलर शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळा आणि क्रॉसपाशी बघा. क्रॉसच्या कपाभोवती गंजाची लाल धूळ म्हणजे आत ग्रीस उरलेलं नाही. थांबताना किंवा निघताना मागून एकच ठण् येत असेल तर शाफ्टच्या सरकत्या जोडात ग्रीस भरून बघा. कित्येकदा तेवढ्यानेच थांबतो. नदी-ओढे ओलांडून आलात की त्याच आठवड्यात सगळ्या निपलांना, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत, ग्रीस गन लावा.

आणि एक खोटा गजर. जिप्सी, थार, जिम्नी यांचं फोर-बाय-फोर पार्ट-टाइम आहे, पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरीवर किंवा सिमेंटवर फोर-व्हील लावून वळलात तर स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते, मध्येच धाड् आवाज येतो. तो बिघाड नाही, शाफ्टमध्ये अडकलेला पीळ सुटतोय. टू-व्हीलमध्ये आणा, काही फूट सरळ मागे घ्या.

घरघर टायरची की बेअरिंगची?

मोठ्या खाचांच्या टायरला स्वतःचा सूर असतो, आणि तो बेअरिंगसारखाच असतो. दोन खुणा लक्षात ठेवा. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर सूर बदलला तर टायर. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवल्यावर बदलला तर बेअरिंग: डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा वाढला तर उजवं बेअरिंग. पक्कं करायला चाक उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर तिथे जाणवते.

बदलताना

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग फेरी मारा. दोन बदललीत आणि आवाज गेला, तर कशाने गेला हे कधीच कळणार नाही.

रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते अडकवून ठेवायचे. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, एक-दोनदा हलवून बसवल्यावर. हवेत आवळलात तर रबर त्या स्थितीत पक्कं होतं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. “नवीन बुश टिकतच नाहीत” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. तुमच्या समोर आवळून घ्या, मेकॅनिक वैतागला तरी.

टाय रॉडचं टोक, किंग पिन किंवा आर्म बदलला तर अलाइनमेंट लागते. जुना टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून नवा तेवढाच बसवा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल. स्प्लिट पिन नवीच वापरा.

टाय रॉड किंवा ड्रॅग लिंकच्या टोकात, बॉल जॉइंटमध्ये, पिटमन आर्मच्या नटात किंवा स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टात खेळ सापडला, अॅक्सल सरकलेला दिसला किंवा मुख्य पाटा तुटला, तर गाडी ट्रकवर घालून न्या. लिंकांची खडखड, पाट्यांची कुरकुर, शॉकअपचा बुश पुढच्या पगारापर्यंत थांबतो.

आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची किंवा मार्करची एक रेघ मारा, अर्धी नटावर, अर्धी जोडावर. पाचशे किलोमीटरनंतर वाकून पाहा. माझ्या यू-बोल्टांवर आता पिवळी रेघ आहे.